चार चाकं, चार लिंबं

चाकं विकत घेताना ती फिरतात की नाही एवढं बघावं, अशी माझी समजूत होती. मी आणलेली चाकं फिरत होती. अडचण एवढीच होती, की ती सगळ्या दिशांना फिरत होती.

त्याचं असं झालं. आमची मुलगी ऋतुजा परभणीतच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी कॉलेजच्या प्रकल्पासाठी विजेवर चालणारा स्केटबोर्ड घरीच बनवायचं ठरवलं. स्केटबोर्ड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही (मलाही नव्हतं) त्यांच्यासाठी सांगतो. वीतभर रुंद, दोन हात लांब अशी एक फळी. तिच्याखाली चार चाकं. वर उभा माणूस. बस. धरायला दांडा नाही, बसायला सीट नाही. आता ह्याच फळीखाली मोटर आणि बॅटरी लावायची, वेग आणि ब्रेक हातातल्या रिमोटवर ठेवायचा, की तो विजेवर चालणारा झाला. म्हणजे पडायची सगळी सोय ज्या वस्तूत आधीच आहे, तिला वरून वेग द्यायचा.

सोमवारी कॉलेजच्या मैदानात परीक्षकांसमोर ती फळी चालवून दाखवायची होती. चालवणार होती ऋतुजा.

तयार भाग बाहेरून मागवले तर तिघींच्या ऐपतीबाहेर. म्हणून गावात जे स्वस्तात मिळेल त्यातच भागवायचं ठरलं. मैत्रिणींकडे मोटर, रिमोट, वायरिंग आणि अहवाल, आमच्याकडे फळी, बॅटरी आणि चाकं.

"पप्पा, तुमी फक्त चार चाकं आणा," ऋतुजा म्हणाली. "जमंल ना?"

मी झरीच्या शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सत्तावीस वर्षं सांगतो आहे. मला चार चाकं जमणार नाहीत? फर्निचरच्या दुकानातून चांगली काळी चकचकीत चाकं आणली, स्वतः स्क्रूने फळीला बसवली आणि हॉलमध्ये फळीला पायाने हळूच ढकललं. फळी निघाली स्वयंपाकघराकडे, सोफ्यापाशी तिचा विचार बदलला, तिथे तिने भुईचक्रासारख्या तीन गिरक्या घेतल्या आणि माघारी येऊन माझ्याच नडगीवर आपटली.

सौ. पोळी लाटता लाटता बाहेर डोकावली. "अवो, ही खुर्चीची चाकं हायेत."

"चौफेर वळतात म्हणून घेतली. वळायला सोपं."

"पोरीला जायचंय का नुस्तं वळायचंय?"

ऋतुजाने चाकं काढली, पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर मला चाकांची नाही, पोरीची काळजी होती. काळजी हा शब्द सभ्य आहे. मला भीती वाटत होती. वर्गात पोरांना सह्याद्रीचा उतार शिकवताना उतार ह्या शब्दावर घाम फुटायचा.

ह्या भीतीला कारण आहे. ऋतुजा नऊ वर्षांची असताना मी तिला सायकल शिकवत होतो. मागून कॅरिअर धरून पळायचो. ती सारखी विचारायची, "पप्पा, धरलंय ना?" आणि मी ओरडायचो, "धरलंय, धरलंय!" सगळे बाप हेच करतात. फरक एवढाच, की सगळे बाप मधूनमधून खरंच धरतात. मला चौथ्या मिनिटाला धाप लागली आणि मी कट्ट्यावर बसून ओरडायला लागलो. "धरलंय ना?" "धरलंय!" तिने खात्री करायला मागे वळून पाहिलं. बाप पन्नास पावलं मागे, कट्ट्यावर, पायातल्या चपलाही काढून बसलेला. ती तिथेच आडवी झाली. उजवं कोपर मोडलं. ते कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. आमच्या घरात तेव्हापासून 'मी धरलंय' हे शब्द ऐकले, की माणसं आधी जागच्या जागी बसून घेतात.

तेव्हा दुसऱ्यांदा चाकं आणायला मी भंगारवाल्या करीमभाईकडे गेलो, तो मनात एक गोष्ट पक्की करूनच. चाकं अशी आणायची, की पोरीला काही होता कामा नये.

निघताना ऋतुजाने बजावलं होतं. "चाक मऊ पाहिजे पप्पा. नख लावून बघा. नख थोडं रुतलं पाहिजे. कडक चाक घेऊ नका, ते घसरतंय, ब्रेक लागत न्हाई."

करीमभाईने दोन प्रकार काढून दाखवले. एक नारिंगी, मऊ. कुणाच्या तरी परदेशी स्केटची उतरवलेली. दुसरी पांढरी, नायलॉनची, गोण्या वाहायच्या ढकलगाडीची. मी नख लावलं. नारिंगी चाकात नख रुतलं. पांढऱ्या चाकावर नख तुटलं.

मग मी दोन्ही चाकं फरशीवर फिरवून पाहिली. नारिंगी चाक गुपचूप, मांजरासारखं गेलं. पांढरं चाक असं खडखडलं, की पलीकडच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

आणि मला वाटलं, हेच ते. जे वाहन आवाज करतं, ते लोकांना लांबून कळतं. लोक बाजूला होतात. शिवाय एवढा आवाज करणारी वस्तू जोरात पळूच शकत नाही. (आमची जुनी मोपेड हा माझा पुरावा होता.)

"मास्तर," करीमभाई म्हणाला, "बेबी के वास्ते नरम लेव. ये कडक फिसलता."

"मजबूत आहे ना?"

"मजबूत है. तुमारी हड्डी से मजबूत है."

मी पांढरी घेतली. घरी आल्यावर ऋतुजाने एक चाक हातात घेतलं, नख लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मऊ नव्हती?"

"होती. संपली."

बोलून गेलो. भीतीच्या पोटी माणूस खोटं किती सहज बोलतो, ह्याचं मलाच नवल वाटलं. पोरीने सुस्कारा टाकला आणि पांढरी चाकं बसवायला घेतली.

बॅटरीचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. आमच्याकडे कापसावर फवारणी करायचे बॅटरीवाले पंप घरोघर असतात. माझ्या धाकट्या भावाच्या शेतावरून तीन पंप आणले आणि त्यांच्या तीन बॅटऱ्या ऋतुजाने एकापुढे एक जोडल्या. एका बॅटरीवर अख्खं शिवार फवारून होतं हे मला ठाऊक होतं. तीन बॅटऱ्यांवर एक पोरगी कुठवर जाईल, हा हिशेब मी मनात सुरू केला आणि वसमतच्या पुढे जाऊ दिला नाही.

ह्या काळात मी सुरक्षेच्या दृष्टीने काही सूचना केल्या. फळीला हॉर्न असावा. आरसा असावा. पुढे दोरी बांधून ती माझ्या हातात द्यावी, मी बरोबर चालत येईन. ऋतुजाने प्रत्येक सूचनेला "बघू" म्हटलं. हे 'बघू' ती माझ्याकडूनच शिकली आहे. त्याचा अर्थ मला नीट ठाऊक आहे.

शुक्रवारी सगळं जोडून झालं. आता ती अंगणात चालवून बघणार, म्हणून तिने चपला काढल्या आणि माझा धीर सुटला.

"थांब," मी म्हणालो. "नवीन गाडी हाय. आधी पोखर्णीला न्यायची."

आमच्या घरात कुठलंही नवीन वाहन आलं की ते आधी पोखर्णीच्या नरसिंहाला जातं. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. मगच गाडी रस्त्यावर. मोपेड गेली, स्कूटर गेली, भावाचा ट्रॅक्टर गेला. माझा डाव साधा होता. शनिवार पूजेत जाईल, रविवारी मी काहीतरी दुखणं काढीन, तोवर सोमवार उजाडेल आणि सरावच झाला नाही म्हणून परीक्षक फळी नुसती बघून सोडून देतील. शिवाय पूजा करणारे गुरुजी एका फळीला वाहन मानतील, हे मला शक्य वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं फळी घेऊन पोखर्णीला पोचलो. गुरुजींनी फळी उलटीसुलटी केली.

"हे चालतंय?"

"चालतंय," ऋतुजा म्हणाली.

"चाकं किती?"

"चार."

"मग मोटारच की. चार लिंबं काढा."

फळीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं. पुढच्या टोकाला झेंडूचा हार लागला. नारळ फुटला. देवळापुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर फळी ठेवून चारी चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं गेलं. ऋतुजा पुढे झाली, तर गुरुजींनी हात आडवा केला.

"लिंबावरून पहिली गाडी घरातल्या कर्त्या माणसानं काढायची."

मी आजूबाजूला पाहिलं. सौ. माझ्याकडेच पाहत होती.

"काय बघायलाव? मोपेड तुमीच काढली, स्कूटर तुमीच काढली. तवा लय मिशीवर हात फिरवत होतात."

"त्यांना सीट होती."

"पप्पा, मी रिमोट धरते," ऋतुजा म्हणाली. "तुमी फक्त उभं राहा. लिंबावरून गेलं की मी लगेच ब्रेक लावते. दोन पावलं फक्त."

माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते सांगतो. मी नाही चढलो, तर ती चढणार. ह्याच चाकांवर, माझ्या डोळ्यांदेखत. त्यापेक्षा मी चढलेला बरा. हे शौर्य नव्हे. दोन भीतींमधली लहान भीती मी निवडली, एवढंच. मी हेल्मेट घातलं, चप्पल काढली आणि फळीवर उभा राहिलो.

"ऋतुजा, नीट धरलंय ना?"

"धरलंय पप्पा."

आणि मी घरच्या रिवाजाप्रमाणे बसून घेतलं. जेवायला पाटावर बसावं तशी मांडी घालून, दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरून.

"अवो, उभं राहा," सौ. म्हणाली.

"देवाच्या दारात बसलेलंच बरं," मी म्हणालो आणि डोळे मिटले.

ऋतुजाने रिमोट हळूच दाबला. मोटर गुरगुरली. फळी हलली नाही. कशी हलेल? स्कूटरचं चाक मोठं असतं, ते लिंबाला चिरडून जातं. इथे चाक होतं मुठीएवढं आणि त्याच्यासमोर लिंबू उभं होतं ते डोंगरासारखं. तिने अजून दाबला. फळी थरथरली. माझे दात वाजायला लागले.

"होईना," ती म्हणाली.

"दे अजून," मी डोळे न उघडता म्हणालो. एकदाचं संपावं, एवढीच इच्छा होती. "दे!"

तिने दिलं. तीन पंपांची ताकद एकदम आली. मागची दोन लिंबं फुटली, पुढची दोन गोट्यांसारखी बाजूला उडाली आणि फळी सुटली. मी फळीवर राहिलो ह्यात माझं कर्तृत्व काही नाही. सोडायचं कसं हे हातांना सुचलं नाही.

"ब्रेक!" मी ओरडलो.

"लावलाय!" मागून आवाज आला.

आणि तिने खरंच लावला होता. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पण चाक थांबलं म्हणून फळी थांबेल, हे मऊ चाकांचं शास्त्र. कडक नायलॉन, त्यावर लिंबाचा रस, खाली गुळगुळीत सिमेंटचा रस्ता आणि रस्त्याला उतार. थांबलेल्या चाकावर मी आणखी झोकात घसरत निघालो.

आवाजाबद्दलचा माझा अंदाज मात्र अचूक ठरला. तो खडखडाट ऐकून लोक खरोखरच बाजूला झाले. एक डोळा उघडून मी पाहिलं. पेढेवाला उठून उभा राहिला होता. फुलवाल्या म्हातारीने हात जोडले होते. तिच्या जागी मी असतो तरी जोडले असते. पुढे झेंडूचा हार, फळीवर स्वस्तिक, वर मांडी घालून डोळे मिटलेला माणूस, ओठ पुटपुटताहेत आणि तो आपोआप पुढे सरकतो आहे. (मी पुटपुटत होतो ते देवाचंच नाव होतं, हे खरं.)

मागून ऋतुजा पळत येत होती. तिच्यामागे सौ., हातात अर्धा नारळ. एका बाईचा आवाज आला, "बाई, कशाचा नवस हाय वो?" त्यावर सौ.ने पळता पळता काहीतरी सांगितलं. चाकांच्या खडखडाटात मला ते ऐकू आलं नाही. आलं असतं, तर मी तिथेच उडी टाकली असती.

सिमेंट संपलं आणि काळी माती लागली. मुठीएवढी चाकं मातीत रुतली. फळी थांबली. मी थांबलो नाही. मी पुढे गेलो आणि साष्टांग नमस्काराच्या आकारात जमिनीवर पोचलो. कोपर आधी.

डोळे उघडले तर ऋतुजा माझ्यासमोर मातीत बसली होती. तिच्या हातात रिमोट होता आणि तिने तो अजून दाबून धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

"मी धरलं होतं पप्पा," ती रडत म्हणाली. "खरंच धरलं होतं. सोडलंच न्हाई."

परभणीच्या दवाखान्यात फोटो निघाला. उजवं कोपर. डॉक्टर म्हणाले, बारीक चीर आहे, प्लास्टर घालावं लागेल. ऋतुजा कोपऱ्यात बसून मोबाईलवर हिशेब मांडत होती, आपलं कुठं चुकलं ते शोधत होती. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "माझ्याच ब्रेकमध्ये खोट हाय. पप्पांना काही झालं असतं तर?"

ते मला ऐकवेना. प्लास्टर ओलं होतं तोवरच मी सांगून टाकलं.

"तुझा ब्रेक बरोबर होता. मऊ चाकं संपली नव्हती. करीमभाईकडं होती. मी मुद्दाम आणली न्हाईत."

"कामून?"

"आवाज करत नव्हती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या प्लास्टरकडे. मग स्वतःच्या कोपराकडे.

"म्हणजे सोमवारी मी ह्याच चाकांवर चढणार होते. सगळ्यांसमोर. आणि तुमाला ठाऊक होतं."

मी ओल्या प्लास्टरवर फुंकर घातली.

"म्हणजे याही टायमाला तुमी धरलं नव्हतं," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत मला भूगोलाच्या बाहेरचा असा एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि हा तर प्रश्नही नव्हता. मी मान खाली घातली. तिने उठून माझा हात अडकवलेली गळ्यातली पट्टी नीट केली, जरा जास्तच घट्ट, आणि म्हणाली, "चला आता. दुकान कुठं हाय ते दाखवा."

करीमभाईने माझ्या हाताकडे पाहिलं, नारिंगी चाकं खुंटीवरून काढली आणि कागदात बांधून दिली. एक शब्द बोलला नाही. मोठा माणूस.

सोमवारी मी कॉलेजच्या मैदानात एका हाताने झाडाचं खोड धरून उभा होतो. ऋतुजाने हेल्मेट घातलं, माझ्या आग्रहाखातर पायाला क्रिकेटची पॅडं बांधली आणि फळीवर चढली. उभीच राहिली, बसली नाही. नारिंगी चाकं आवाज न करता निघाली. मी डोळे मिटले. आवाज नसल्यामुळे ती कुठे आहे, पडली की आहे, काहीच कळेना. ते अर्धं मिनिट पोखर्णीच्या उतारापेक्षा लांब होतं. मग टाळ्या ऐकू आल्या. डोळे उघडले तर ती माझ्यासमोर हातभर अंतरावर थांबली होती. ब्रेक लावून.

"बघितलं का पप्पा?"

"बघितलं," मी म्हणालो. (हे तिसरं खोटं. ह्याला क्षमा असावी.)

परीक्षकांनी पास केलं. संध्याकाळी घरी पेढे आले. सौ.ने माझ्या डाव्या हातात चहाचा कप दिला, जवळ बसली आणि फार मायेने प्लास्टरवर हात ठेवला.

"हे कवा निघणार?"

"महिनाभरानं म्हणालेत." तिला काळजी वाटते आहे, म्हणून मला भरून आलं. "का गं?"

"पोखर्णीला जायचंय. त्या बाईनं इचारलं, कशाचा नवस हाय. एवढी माणसं बघायलेली, आता आमचा माणूस घसरलाय म्हणून कसं सांगायचं? मी म्हणलं, पोरीच्या परीक्षेचा हाय. पास झाली की हे आणखी एक फेरी घालणार हायेत, अशीच बसून."

मी कप खाली ठेवला आणि त्याच हाताने सोफ्याची कडा धरली.

"भिऊ नका," ती म्हणाली. "ह्या टायमाला मागून मी धरते."